सुईणीच्या हातातली विद्या



नवेगाव म्हटलं की बांध आठवतो. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. आजही लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पूजतात, आणि तलावाभोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. तलाव बांधणाऱ्याचं नाव इतकी वर्षं टिकलं. पण पिढ्यान्‌पिढ्या गावात बाळंतपणं करणाऱ्या, बाळाला तेल लावणाऱ्या, बाळंतिणीचं अंग चोळून तिला पुन्हा कामाला उभं करणाऱ्या सुईणींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आज त्यांच्या मालिशीच्या विद्येचा इतिहास सांगते. ती विद्या आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे, म्हणून सांगते.

सुईणीचं काम नाळ कापली की संपत नसे. पुढे कितीतरी दिवस ती रोज घरी येई. बाळाला पायावर घेऊन तेल लावी, न्हाऊ घाली. मग बाळंतिणीची पाठ, कंबर, पोटऱ्या चोळी. तेल घरात असेल ते. कुणाकडे तिळाचं, कुणाकडे जवसाचं, तर आपल्या झाडीपट्टीत मोहाच्या टोळीचं. मोबदला म्हणजे पायलीभर धान, एखादं लुगडं. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर धरली, तरी हाक जायची ती अशाच जाणत्या हाताच्या बाईला.

ही विद्या शास्त्राबाहेरची नव्हती. आयुर्वेदात अंगाला तेल चोळण्याला अभ्यंग म्हणतात आणि ते रोजच्या दिनचर्येत सांगितलं आहे. डोकं, कान आणि तळपाय यांना तेल लावायला विसरू नये, असंही सांगितलं आहे. पण ग्रंथ लिहिणारे वेगळे आणि रोज तेल चोळणारे हात वेगळे राहिले. वैद्याला मान मिळाला, सुईणीला धान मिळालं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. 1894 साली इंग्लंडमध्येही मालिश करणाऱ्या बायकांची बदनामी सुरू होती. मालिशीच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, अशी ओरड झाली आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्याही त्यात भरडल्या जाऊ लागल्या. तेव्हा चार परिचारिका एकत्र आल्या. त्यांतली एक, रोझलिंड पॅजेट, सुईणीचंही शिक्षण घेतलेली होती. त्यांनी शिकलेल्या मालिशवाल्या बायकांची एक संस्था काढली आणि नियम घातले. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायची नाही. रोग्याला औषधं विकायची नाहीत. पुरुषांना सरसकट मालिश करायची नाही. पुढे परीक्षा सुरू झाल्या, पास होणारीला प्रमाणपत्र मिळू लागलं. 1920 साली त्या संस्थेला राजसनद मिळाली. आज ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची जी मोठी संघटना आहे, ती याच चौघींच्या कामातून वाढली. आपल्या बचत गटापेक्षा लहान गट होता तो!

त्याच सुमारास आपल्या देशात काय चाललं होतं? 1885 साली डफरिन फंड निघाला आणि बायकांसाठी बायका डॉक्टर, बायकांची रुग्णालयं यांची सोय होऊ लागली. 1903 साली लेडी कर्झन यांनी देशी दायांना शिकवण्यासाठी वेगळा निधी उभा केला. स्वातंत्र्यानंतर सरकारनं सुईणींना शिकवायला घेतलं आणि 1977 नंतर हे काम गावागावांत वाढलं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ ही शिकवण खेड्यापाड्यांत गेली. धनुर्वातापासून बाळं वाचवण्यासाठी ती फार गरजेची होती. पण सुईणीला शिकवताना, तिला आधीपासून काय येतं हे क्वचितच कुणी विचारलं. तिच्या मालिशीतलं चांगलं कोणतं आणि धोक्याचं कोणतं, हे निवडायचं राहूनच गेलं.

गंमत अशी की ते बाहेरच्यांनी विचारलं. फ्रेडरिक लेबॉयर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कोलकात्यात शांतला नावाच्या आईला बाळाची मालिश करताना पाहिलं आणि 1976 साली तिच्याच नावाचं पुस्तक काढलं. 1986 साली अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश देऊन पाहिली. त्या बाळांचं रोजचं वजन इतरांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं. पुढे मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही 2005 साली दाखवून दिलं की वेळेआधी जन्मलेल्या बाळांना खोबरेल तेलानं मालिश केली तर वजन चांगलं वाढतं. आपल्या आज्या जे करत होत्या, त्याला असा कागदावर आधार मिळाला. आज शहरात हेच शिकवायला वर्ग निघाले आहेत आणि लोक पैसे भरून ते शिकतात.

इकडे 2005 नंतर आशाताई आल्या आणि बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. त्यामुळे जीव वाचतात, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं. पण सुईणीचं बोलावणं थांबलं आणि तिच्या हाताखाली शिकणारी सून, पुतणीही थांबली.

मग गावातली बाई शिकून काय करू शकते? उत्तर आपल्या शेजारीच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावर उपचार करणं त्या शिकल्या. सुईणींनाही या कामात सोबत घेतलं. 1999 साली निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले होते. ही किमया एकट्या मालिशीची नव्हे. पण गावातल्या हाताला नीट शिक्षण मिळालं तर काय होतं, ते यातून दिसतं.

म्हणून मालिश शिकायची ती निवडून. हलक्या हातानं तेल लावल्यानं बाळ शांत झोपतं, आईचं दुखणं हलकं होतं, थकलेल्या बाईला बरं वाटतं. हे ठेवायचं. पण बाळाचं डोकं किंवा नाक दाबून आकार द्यायचा नाही. कानानाकात तेल घालायचं नाही. छातीच्या गाठी पिळायच्या नाहीत. जन्मल्या जन्मल्या आंघोळ नको. बाळ कमी वजनाचं असेल तर आधी ऊब, आणि मालिश सिस्टरला विचारूनच. बंद खोलीत शेगडीचा धूर नको. शस्त्रक्रियेनं बाळंतपण झालं असेल तर पोटाला हात लावायचा नाही. बाळंतिणीचा एकच पाय सुजून दुखत असेल तर तो चोळायचा नाही. आत रक्ताची गाठ असू शकते, लगेच दवाखाना गाठायचा. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांचं अंग दुखतं म्हणून नुसतं रगडत बसू नये. ताप असेल, छातीत दुखत असेल तर थांबायचं नाही.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या सगळ्यांत जुन्या सुईणबाईंना बोलवा. सोबत आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर असू द्या. सुईणबाईंनी करून दाखवावं, सिस्टरनं धोका कुठे आहे ते सांगावं आणि लिहितावाचता येणाऱ्या पोरीनं वहीत उतरवून घ्यावं. आपले नियम आपण ठरवायचे, मोबदलाही ठरवायचा, आणि तो सुईणबाईंच्या हातात रोख द्यायचा. वहीच्या पहिल्या पानावर मात्र त्यांचं नाव लिहा.