हचिन्सनचा जामीन

गोरा माणूस. धंदा पत्रकारी, मुक्काम मुंबई. लेस्टर हचिन्सन त्याचं नाव, वय पंचविशीच्या आत. साहेबांच्या क्लबात बसून बातम्या लिहिल्या असत्या तर त्याला कुणी हात लावला नसता. हा गडी गिरणी कामगारांत शिरला.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. दीड लाख माणूस संपावर. त्यातनं गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि सरकारच्या पोटात गोळा आला. २० मार्च १९२९ ला धरपकड झाली. डांगे, मिरजकर, निंबकर, स्प्रॅट आणि ब्रॅडली हे दोन इंग्रज, आणि आळवे, कासले हे गिरणीतलेच कामगार. 'स्पार्क'चे संपादक देसाईही आत गेले. मग हचिन्सननं 'न्यू स्पार्क' चालवलं. जूनमध्ये त्यालाही उचलला.

कलम १२१-अ. बादशहाचं राज्य उलथवायचा कट! पुरावा म्हणून तीन हजारांवर कागद: पत्रं, भाषणं, वर्तमानपत्रं. ना बॉम्ब, ना पिस्तूल. मुंबईत खटला चालवला तर ज्युरी बसणार, म्हणून तो मीरतला नेला.

इथं आपल्या बाजूनं एक सांगितलंच पाहिजे. त्याच संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना अडवलं होतं, की अस्पृश्यांना विणाई खात्यात घ्या, ही मागणीही मांडा. विणाईत पगार जास्त. पण धोट्यातनं सूत तोंडानं ओढावं लागायचं, आणि तिथं महाराचं तोंड चालत नव्हतं. पुढारी राजी झाले ते नाखुशीनं. तेव्हा मीरतच्या कैद्यांची नुसती आरती ओवाळणं आपल्याला जमणार नाही. पण लिहिलं म्हणून माणूस कोंडला, हे विसरणंही जमणार नाही.

१९३१ मध्ये हचिन्सनच्या जामिनाचा अर्ज अलाहाबाद हायकोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं, जामीन देणं हा नियम, नाकारणं हा अपवाद. बाहेर असलेला आरोपी आपली बाजू नीट मांडू शकतो, कोठडीतल्याला ते होत नाही. साधी गोष्ट, पण राजद्रोहाच्या खटल्यात ती बोलायला छाती लागते.

१६ जानेवारी १९३३ ला खालच्या कोर्टानं त्याला चार वर्षं सक्तमजुरी ठोकली. ऑगस्टमध्ये हायकोर्टानं निर्दोष सोडलं. आळवे, कासलेही सुटले. मधली चार वर्षं कुणी परत दिली नाहीत. हचिन्सननं मायदेशी जाऊन मीरतवर पुस्तक लिहिलं, १९४५ ला मँचेस्टरमधनं खासदार झाला. १९४९ ला मजूर पक्षानंही त्याला हाकललं. आळवे-कासल्यांचं पुस्तक कुणी छापलं नाही.

निकाल मात्र टिकला. १९८० साली सुप्रीम कोर्टानं सिब्बिया खटल्यात त्याचाच आधार घेतला. आणि २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघं कच्चे कैदी होते, गुन्हा शाबित न झालेले. त्यांत आपली माणसं आपल्या लोकसंख्येपेक्षा जास्त. कित्येकांचा तर जामीन मंजूर होतो, पण जामिनाची रक्कम भरायला पैसे नसतात.