खटारा : एका नावाची उतरण

खडखडणाऱ्या, कुरकुरणाऱ्या जुनाट वाहनाला आपण सहज ‘खटारा’ म्हणतो. पण या विशेषणाची एक खोड सहसा लक्षात येत नाही. मराठीतील आकारान्त विशेषण लिंगाप्रमाणे बदलते : खिळखिळा पलंग, खिळखिळी खुर्ची, खिळखिळे टेबल. गाडी मात्र ‘खटारी’ होत नाही. ती ‘खटारा गाडी’च राहते. याचे कारण उघड आहे. खटारा हे मुळात नाम. ओझी वाहणाऱ्या बैलगाडीचे नाव. गुजरातीत मालमोटारीला आजही ‘खटारो’ म्हणतात आणि त्यात तुच्छतेचा लवलेश नसतो.

मग मराठीत या नावाची अशी अवहेलना का व्हावी? मला वाटते, याचे उत्तर आपल्या रस्त्यांनी द्यावे. बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला तो १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या कारकीर्दीत. तोवर देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरत असे. त्या काळी घाट उतरणारी मालगाडी ही सुधारणाच होती. तिला कोण हसणार? पुढे १८५३ साली मुंबईहून ठाण्याला आगगाडी धावली, १८६३ साली ती बोरघाट चढली. मागाहून मोटार आली आणि १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. सुरू झाली. लाकडी आस वंगणावाचून पूर्वीही कुरकुरत होता, लोखंडी धाव दगडांवर पूर्वीही खडखडत होती. पण आता तुलनेला वेग आला होता आणि जे कालपर्यंत कामाचे नाव होते, ते दोषाचे झाले.

तरीही शब्दाने आपले मूळ सोडलेले नाही. कापड विरते, वहाण झिजते, घर मोडकळीस येते. त्यांना कोणी खटारा म्हणत नाही. राज्यदेखील खिळखिळे होते, खटारा होत नाही. खटारा म्हणवून घ्यायला गती हवी आणि आवाज हवा. म्हणून तो मान बस, सायकल, फार तर पंखा यांच्याकडे जातो.

आणखी एक गोष्ट. कायमची बंद पडलेली गाडी भंगारात जमा होते. खटारा आपण म्हणतो तो बहुधा अजून चालणाऱ्या गाडीला. ओझे वाहणाऱ्या त्या जुन्या गाडीचा एवढा सन्मान भाषेने नकळत राखला आहे.