पहिलं बाळंतपण कठीण गेलं, तर दुसऱ्या मुलाचा निर्णय बदलतो का?

पिंपळे सौदागरसारख्या आयटीवाल्यांच्या वस्तीत 'एकच पुरे' म्हटलं की फ्लॅटचा हप्ता आणि शाळेची फी आठवते. पहिल्या बाळंतपणाचा अनुभव मात्र क्वचितच कुणी विचारतं.

स्टॉकहोममधील महिलांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभव वाईट असलेल्यांपैकी ३८ टक्के महिलांना पुढच्या ८ ते १० वर्षांत दुसरं मूल झालं नाही; इतरांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होतं. अर्थात, हे एकमेव कारण नव्हे.

बाळंतपणाच्या तीव्र भीतीला 'टोकोफोबिया' म्हणतात. ती पहिल्या बाळंतपणानंतरही बसू शकते. हे नखरे नाहीत. समुपदेशनाने मदत होते. त्यामुळे 'दुसरं कधी?' विचारण्याआधी 'पहिल्या वेळी काय झालं होतं?' हे विचारा.