संगणकाचा वीजपुरवठा आणि एका दाव्याची साधनचिकित्सा

१/
वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहिलेले स्टीव्ह जॉब्सचे चरित्र २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जॉब्सचा एक दावा आहे: ॲपल-टू संगणकासाठी रॉड होल्ट यांनी घडवलेला स्विचिंग वीजपुरवठा क्रांतिकारक होता आणि पुढे सर्वांनी त्याचीच नक्कल केली. मित्रहो, हा दावा आज साधनांच्या कसोटीवर घासून पाहू.

२/
आधी तंत्र समजून घेऊ. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायचे आहेत. जुन्या, म्हणजे लिनिअर पद्धतीत ट्रान्झिस्टर वाटेत अडसरासारखा उभा राहतो आणि वरचे ७ व्होल्ट उष्णतेच्या रूपाने घालवतो. प्रवाह १ अँपिअर असेल, तर कामी येतात ५ वॅट आणि वाया जातात ७ वॅट.

३/
स्विचिंग पद्धतीत ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. दोन्ही स्थितींत तो फारसा तापत नाही. चालू असताना कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. बंद झाला की कॉइल ती ऊर्जा डायोडच्या वाटेने पुढे देते. १२ चे ५ करायचे, तर आदर्श स्थितीत तो एकूण वेळेच्या ५/१२ भाग चालू राहतो. बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजवर नजर ठेवून नियंत्रक हे प्रमाण सतत बदलतो.

४/
विहिरीवरची मोट आठवा. पाणी खेपाखेपांनी वर येते, पण थारोळ्यात साठून पाटाने संथ वाहते. येथे थारोळ्याचे काम कपॅसिटर करतो. खेपा वाढवल्या तर लहान मोटही पुरते. म्हणूनच सेकंदाला हजारो खेपा करणाऱ्या मंडलात कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर लहान चालतात. जुना एलिमिनेटर हातात जड लागे तो ५० हर्ट्झवर चालणाऱ्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरमुळे.

५/
ही कल्पना कोणा एकाची नव्हे. प्रवाह तोडून-जोडून व्होल्टेज बदलण्याची युक्ती निकोलस कॅलन यांच्या १८३६ च्या इंडक्शन कॉइलपर्यंत मागे जाते. १९३० च्या दशकातील मोटारींच्या रेडिओत हेच काम कंप पावणारा यांत्रिक स्विच करी. उणीव होती ती उच्च व्होल्टेज सोसणाऱ्या, वेगवान आणि परवडणाऱ्या ट्रान्झिस्टरची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती भरून येऊ लागली.

६/
पुढचा कालानुक्रम पाहा. १९७० च्या सुमारास रॉबर्ट बोशर्ट यांनी साधी, स्वस्त स्विचिंग मंडले विकसित करण्यास आरंभ केला. टेक्ट्रॉनिक्सच्या ७००० मालिकेतील ऑसिलोस्कोपमध्ये हे तंत्र आले. १९७२ मध्ये एचपी-३५ या खिशात मावणाऱ्या गणकयंत्रात ते होते. १९७६ मध्ये रॉबर्ट मॅमानो यांनी नियंत्रणाचे काम एसजी-१५२४ या एका चिपमध्ये आणले. ॲपल-टू आला १९७७ मध्ये.

७/
मग होल्ट यांचे श्रेय कोणते? जॉब्सला पंख्याचा आवाज नको होता, आणि प्लास्टिकच्या पेटीत उष्णता कोंडून चालणार नव्हते. होल्ट यांनी ३८ वॅटचा, हलका आणि कमी तापणारा पुरवठा दिला. १९७८ मध्ये त्याचे पेटंटही मिळाले. घरगुती संगणकात हे तंत्र इतक्या लवकर आणणे ही लहान गोष्ट नव्हे.

८/
परंतु नक्कल? होल्ट यांच्या मंडलात नियंत्रक चिप नव्हती. सुटे ट्रान्झिस्टर होते. पुढील काळातील संगणकांचे पुरवठे मुख्यतः नियंत्रक चिपभोवती रचले गेले. १९८१ च्या आयबीएम पीसीचा पुरवठाही स्विचिंगचाच, पण रचनेने वेगळा. तत्त्व एकच असणे म्हणजे नक्कल करणे नव्हे.

९/
जॉब्स खोटे बोलला, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. आपल्या सहकाऱ्याला न्याय मिळावा, ही त्याची भावना खरी असू शकते. तीन दशकांनंतरची आठवण हे बखरीसारखे साधन आहे: सांगणाऱ्याला काय मोलाचे वाटले ते त्यातून कळते, काय घडले यासाठी पेटंट, मंडलांचे आराखडे आणि दुरुस्ती-पुस्तिका हे समकालीन कागद पाहावे लागतात.

१०/
एका नावाला सगळे श्रेय दिले की बोशर्ट आणि मॅमानो यांसारखी नावे पुसली जातात, आणि स्वस्त ट्रान्झिस्टर घडवणारे अनामिक हात तर दिसतही नाहीत. आज रात्री फोन चार्जिंगला लावाल, तेव्हा तळहाताएवढ्या त्या डबीत एक नव्हे, अनेकांचा इतिहास आहे हे ध्यानी असू द्या.