जॉर्ज शॅलर : कान्हाच्या वाघ-हरणांचा पहिला मोठा अभ्यासक

बालाघाट : गोंदियाहून बालाघाट, बैहर करत मुक्की गेटला जाणारे पर्यटक वाघ पाहायला जातात. पण कान्हातला वाघ नेमकं काय खातो, किती हरणांवर जगतो, बारशिंगा का घटला, या प्रश्नांचा पहिला सविस्तर अभ्यास जॉर्ज शॅलर यांनी केला. मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या याच जंगलात ते १९६३ ते १९६५ या काळात राहिले होते.

कोण होते?

जॉर्ज बील्स शॅलर यांचा जन्म २६ मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये झाला. किशोरवयात ते अमेरिकेत गेले. अलास्का विद्यापीठात पदवी आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉक्टरेट केली. १९५९-६० मध्ये आफ्रिकेतल्या विरुंगा डोंगरांत पहाडी गोरिलांजवळ राहून त्यांनी अभ्यास केला. माणसावर धावून जाणारा राक्षस अशी गोरिलाची प्रतिमा होती, ती त्यांच्या कामानं बदलली. त्यानंतर ते पत्नी के आणि दोन लहान मुलांसह कान्हाला आले.

कान्हात काय केलं?

तोवर वाघाबद्दलची बरीचशी माहिती शिकाऱ्यांच्या अनुभवातून आलेली होती. शॅलर बंदूक न घेता जंगलात फिरले. वाघाची विष्ठा गोळा करून त्यातले केस तपासले, शिकार झालेल्या जनावरांची नोंद ठेवली, चितळ-सांबरांचे कळप मोजले. चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून ते एकेक वाघ ओळखत. रेडकू बांधून रात्र-रात्र लपून निरीक्षणही त्यांनी केलं.

यातून दिसलं, की कान्हात वाघाचं मुख्य खाद्य चितळ आहे; सोबत सांबर, बारशिंगा, गवा आणि गावची गुरंही आहेत. वाघ एकटा राहतो हे खरं, पण ओळखीचे वाघ कधीकधी एकाच शिकारीवर जमतात, हेही त्यांनी नोंदवलं. ‘द डिअर अँड द टायगर’ हे त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये आलं. वाघ वाचवायचा तर आधी हरणं आणि गवत वाचवा, हा या कामाचा सरळ अर्थ.

बारशिंग्याचं संकट

कान्हाचा बारशिंगा कडक जमिनीवर राहणारा. त्याच्या उपजातीला ‘ब्रँडरी’ हे नाव इथले जुने वनाधिकारी डनबार ब्रँडर यांच्यावरून मिळालं. १९३८ च्या सुमारास तो ३ हजारांच्या आसपास होता असा अंदाज आहे. १९७० मध्ये उरले फक्त ६६. बारशिंगा जवळजवळ फक्त गवतावर जगतो आणि पाडसं उंच गवतात लपवतो. गुरांची चराई, गवत जाळणं, चोरटी शिकार, वाघाचा दाब आणि रोगाची शक्यता अशी अनेक कारणं शॅलर यांनी तपासली. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडचे क्लॉड मार्टिन यांनी बारशिंग्याचाच अभ्यास केला.

त्या दशकात क्षेत्र संचालक एच. एस. पनवार यांच्या काळात कुरणं सांभाळली गेली आणि शिकारी प्राणी शिरणार नाहीत असं कुंपण घालून बारशिंगे वाढवले गेले. गाभा क्षेत्रातली गावंही टप्प्याटप्प्यानं उठवली. सोंफसारख्या गावाच्या जागी कुरण उभं राहिलं. याची किंमत बैगा आणि गोंड कुटुंबांनी घर-शेत सोडून मोजली, हे विसरून चालणार नाही. आज कान्हात बारशिंगे हजाराच्या पुढे आहेत. २०१५ पासून सातपुड्यात आणि २०२३ मध्ये बांधवगडलाही ते नेले गेले.

पुढची वाटचाल

कान्हानंतर शॅलर यांनी सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास केला. त्यावरच्या पुस्तकाला १९७३ चा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. मग हिमालयातल्या रानमेंढ्या आणि हिमबिबट्या, १९८० पासून चीनमध्ये पांडा, पुढे तिबेटी काळवीट असं काम चालू राहिलं. १९९३ मध्ये तिबेटात सुमारे ३ लाख चौरस किलोमीटरचं चांगथांग अभयारण्य झालं, त्यामागे त्यांच्या पाहणीचा मोठा वाटा आहे. १९९७ मध्ये त्यांना टायलर पुरस्कार मिळाला.

आज आपल्यासाठी काय?

कान्हाचं गाभा क्षेत्र आता ९४० चौरस किलोमीटर आहे. पण वाघ तेवढ्यातच थांबत नाही. बालाघाट-सिवनीच्या जंगलातून तो पेंचकडे जातो. याच पट्ट्यातून गोंदिया-जबलपूर रेल्वेमार्ग जातो. तो ब्रॉडगेज झालाय. रस्तेही रुंद होत आहेत. शॅलर यांनी एका उद्यानातली हरणं मोजली. आता दोन राज्यांच्या वनखात्यांना उद्यानांमधलं जंगलही तितक्याच बारकाईनं मोजावं लागणार आहे. ते तुटलं, तर कान्हा एक बेट होऊन बसेल.