बापाचे विचार, लेकीचं वेड

मोठ्या शहरांना आपली विक्षिप्त माणसं मिरवायला फार आवडतं, फक्त ती आधी मेलेली असावी लागतात. सिडनीची बी माइल्स हे याचं चोख उदाहरण. साधारण 1930 पासून पुढची तीन दशकं ही बाई त्या शहराच्या रस्त्यांवर होती. डोळ्यांवर टेनिस खेळणाऱ्यांची हिरवी झापड, अंगात मळका ओव्हरकोट, पायात कॅनव्हासचे बूट आणि सोबत एक पाटी: शेक्सपिअरमधले उतारे म्हणून मिळतील, दर सहा पेन्सपासून तीन शिलिंगांपर्यंत. ट्रॅम, बस, रेल्वे यांपैकी कशाचंही भाडं द्यायचं नाही हा तिचा नेम. टॅक्सी चौकात थांबली की दार उघडून आत बसायची आणि ड्रायव्हरने उतरायला सांगितलं, तर दाराचं बिजागर शाबूत राहीलच याची खात्री नसे. 1973 साली ती वारली. त्यानंतर तिच्यावर संगीतिका झाली, तिच्या आयुष्याच्या धाग्यावरून केट ग्रेनव्हिलने 1985 मध्ये ‘लिलियन्स स्टोरी’ ही कादंबरी लिहिली, तिचा पुढे चित्रपट झाला आणि माइल्सबाई शहराची लाडकी वल्ली ठरली. टॅक्सीच्या दाराचे किस्से आजही सांगितले जातात, ऐकणारे हसतात. हे हसणंच मला संशयास्पद वाटतं. ज्या गोष्टींसाठी एका माणसाला विचारवंत म्हटलं गेलं, त्याच गोष्टींसाठी दुसऱ्या माणसाला इस्पितळात कोंडलं गेलं, आणि ही दोन माणसं एकाच घरातली होती. किस्से सांगताना नेमका हाच भाग गळून पडतो.

बीचा जन्म 17 सप्टेंबर 1902 रोजी सिडनीच्या ॲशफिल्ड भागात झाला. वडील विल्यम जॉन माइल्स हे लेखापाल, धनिक व्यावसायिक आणि तापट. शिक्षण ॲबट्सली या खासगी मुलींच्या शाळेत, म्हणजे सुखवस्तू घरातल्या मुली जिथे जात तिथेच. पहिलं महायुद्ध चालू होतं. ऑस्ट्रेलियात सक्तीच्या लष्करभरतीवर 1916 आणि 1917 अशी दोनदा सार्वमतं झाली आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. त्या धामधुमीत ही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सक्तीच्या भरतीविरोधातला बिल्ला लावून शाळेत जात होती. गॅलिपोलीच्या मोहिमेवर निबंध लिहायला सांगितला तर तिने मोहिमेचा गौरव न करता त्या मोहिमेलाच युद्धनीतीतली घोडचूक म्हटलं आणि गुण गमावले. विद्यापीठात गेली तर अभ्यासक्रमात ऑस्ट्रेलियाचं काहीच नाही म्हणून नाराज. पुढे आयुष्यभर ती स्वतःला नास्तिक म्हणवत राहिली.

आता बापाकडे पाहू. विल्यम माइल्स न्यू साउथ वेल्समधल्या बुद्धिवादी चळवळीतला पुढारी, कट्टर नास्तिक. सक्तीच्या भरतीच्या वादात तो विरोधकांच्या बाजूने होता. इंग्लंडच्या लढाया ऑस्ट्रेलियाने का लढाव्यात हा त्याचा सवाल, आणि ‘आधी ऑस्ट्रेलिया’ हा त्याचा घोष. 1936 मध्ये त्याने पी. आर. स्टीफन्सन या लेखकाला हाताशी धरून स्वतःच्या पैशाने ‘द पब्लिसिस्ट’ नावाचं मासिक सुरू केलं. त्यातून ज्यूद्वेष, लोकशाहीची टवाळी आणि जर्मनी-जपानविषयीची सहानुभूती उघडपणे छापून येई. 1942 च्या जानेवारीत तो वारला आणि त्याच मार्चमध्ये स्टीफन्सनला सरकारने स्थानबद्ध केलं. जपानी सैन्य दाराशी आलेलं असताना जपानची तरफदारी करणाऱ्या विल्यम माइल्सच्या डोक्याची तपासणी करावी असं कुणालाही सुचलं नाही. त्याचं वागणं चूक मानलं गेलं, धोकादायक मानलं गेलं, पण राजकारण म्हणूनच मोजलं गेलं. लेकीची मतं बव्हंशी त्याच मुशीतली होती. ती चारचौघांत मोठ्याने बोलायची, रात्री-अपरात्री फिरायची, मनाला येईल त्या पुरुषाशी संबंध ठेवायची आणि बापाला जुमानत नसे. 1923 मध्ये त्याने तिला ग्लेड्सव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल केलं. ती एकवीस वर्षांची होती.

हे किती सहज घडू शकत होतं, हे कायद्याकडे पाहिल्यावर कळतं. न्यू साउथ वेल्सच्या 1898 च्या लुनसी ॲक्टनुसार नातेवाइकाची विनंती आणि दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं एवढी सामग्री पुरत असे. साम्राज्यभर साधारण हाच साचा होता. आपल्याकडच्या 1912 च्या इंडियन लुनसी ॲक्टमध्येही नातेवाइकाचा अर्ज आणि दोन वैद्यकीय प्रमाणपत्रं होतीच, फक्त मधे मॅजिस्ट्रेट होता. ठाणे-येरवड्याच्या इस्पितळांचा कारभारही याच कायद्याखाली चाले, आणि तो पुस्तकातून जायला 1987 चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला. या साच्यातली ग्यानबाची मेख अशी, की अर्ज करणारा घरातला कर्ता पुरुष, प्रमाणपत्र देणारे बहुधा त्याच्याच बैठकीतले डॉक्टर, आणि जिच्याविषयी हे चाललंय तिचं म्हणणं हेच तिच्या आजाराचं लक्षण. ती शांत राहिली तर खिन्न, भांडली तर उन्मादी. बीची सुटका शेवटी कायद्याने झाली नाही. ‘स्मिथ्स वीकली’ या खमंग बातम्यांच्या साप्ताहिकाने तिचं प्रकरण चव्हाट्यावर मांडलं, तेव्हा ती मोकळी झाली. तिथेही तरुण, देखणी, बड्या घरची मुलगी हाच बातमीचा मसाला होता, हे विसरून चालणार नाही.

यावर पहिला आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो हलका नाही. विद्यापीठात असताना बीला एन्सेफलायटिस लेथार्जिका म्हणजे निद्राज्वर झाला होता. 1917 मध्ये व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमोने वर्णन केलेला हा मेंदूचा आजार पुढची दहाएक वर्षं जगभर पसरला आणि मग जसा आला तसा ओसरला. वाचलेल्यांपैकी बरेच पुढे लाकडासारखे ताठरले. ऑलिव्हर सॅक्सने ‘अवेकनिंग्ज’मध्ये ज्यांच्याविषयी लिहिलं ते हेच रुग्ण, आणि ते पुस्तक बीच्याच मृत्युवर्षी, 1973 मध्ये आलं. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये मात्र दुसराच परिणाम दिसे. बुद्धी तल्लख राहायची, पण मनात आलेलं आणि हातून घडणारं यांच्यामधला लगाम सुटायचा. टॅक्सीवर झेप घेणं, दार उखडणं, कोर्टात मॅजिस्ट्रेटला सुनावणं यांत या लगामाचा भाग असणार, हे मान्य करायलाच हवं. जे तिला निव्वळ स्त्रीमुक्तीची बंडखोर नायिका करून टाकतात, ते तिच्या आजारावर पांघरूण घालतात. पण आजाराने वागण्याची तीव्रता वाढवली म्हणून त्यातला आशयही आजाराचाच ठरत नाही. बिल्ला आणि गॅलिपोलीचा निबंध तापाच्या आधीचे आहेत. शिवाय बापाला कुठलाही ताप आला नव्हता, तरी त्याचाही लगाम काही धड नव्हता. त्याच्या रागाला स्वभाव म्हटलं गेलं. तिच्या रागाचं निदान झालं.

दुसरा आक्षेप असा, की बोहेमियन जगाने तर बायकांना जागा दिली होती. दिली होती, पण तिकीट लावून. 1923 च्या कलावंतांच्या नाचसमारंभात डल्सी डीमर ही लेखिका बिबट्याचं कातडं पांघरून सिडनी टाउन हॉलमध्ये आली आणि दोन वर्षांनी तिला बोहेमियाची राणी म्हणून मुकुट चढवला गेला. बी इस्पितळात गेली तेही वर्ष 1923 च, हा योगायोग बोलका आहे. दिवाणखान्यात, वेशभूषेत, एका रात्रीपुरतं बंधन झुगारणं शहराला आवडत होतं. दिवसाढवळ्या बसच्या पायरीवर तेच केलं की पोलीस. पुरुषांनाही किंमत मोजावी लागली, असं कुणी म्हणेल आणि कवी ख्रिस्तोफर ब्रेननचं नाव घेईल. ते खरं आहे. दारू आणि घराबाहेरचा संसार यांपायी 1925 मध्ये त्याची सिडनी विद्यापीठातली नोकरी गेली, उतारवय हलाखीत गेलं. पण त्याची फक्त नोकरी गेली. मित्र, जुने विद्यार्थी मदतीला आले, शेवटी साहित्यनिधीतून थोडं मानधनही सुरू झालं. त्याला कुणी कोंडलं नाही, आणि त्याच्या पिण्यालाही प्रतिभेच्या खात्यात जमा धरलं गेलं. आर्थर स्टेसचं उदाहरण तर आणखी बोलकं. दारूतून सुटून श्रद्धाळू झालेला हा गरीब माणूस 1930 च्या दशकापासून तीसेक वर्षं रोज पहाटे सिडनीच्या फुटपाथवर खडूने सुबक अक्षरांत ‘इटर्निटी’ हा एकच शब्द लिहीत हिंडला. नगरपालिकेच्या नियमात हे बसत नव्हतं. पोलिसांनी त्याला हटकलं, पण सोडून दिलं. 2000 साल उजाडताना तोच शब्द हार्बर ब्रिजवर दिव्यांनी लिहिला गेला. खडूवाला निमूट होता आणि देवाचं लिहीत होता. शेक्सपिअरवाली मोठ्याने बोलत होती आणि देव नाही म्हणत होती.

पोलीस आणि न्यायालयांशी बीचा संबंध किती आला? आपल्याला 195 वेळा चुकीची आणि 100 वेळा योग्य शिक्षा झाली, असा तिचा स्वतःचा हिशेब होता. आकडे शब्दशः घ्यायचं कारण नाही, पण त्यातला कोर्टबाजीचा सराव पाहण्यासारखा आहे. उपजीविकेचं दिसण्याजोगं वैध साधन नसणं हाच तेव्हाच्या भटकेगिरीच्या कायद्यात गुन्हा होता. म्हणून ती अंगावर एक नोट टाचूनच फिरे: हे पाहा माझं साधन, आता पकडा. कायद्याच्या शब्दाला शब्दानेच अडवणारी ही बाई त्या कायद्याच्या व्याख्येत वेडी कशी बसते, हे कोडं मला सुटलेलं नाही.

याच नोटेपाशी तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात भारी आहे. ती नोट आली कुठून? घरच्या पैशातून. 1955 मध्ये बीने सिडनीहून पर्थपर्यंत आणि परत असा टॅक्सीने प्रवास केला. ज्या बाईने आयुष्यभर भाडी बुडवली तिने या फेरीचे 600 पौंड मोजून दिले. सिडनीत तेव्हा पुरुष कामगाराची मूळ मजुरी आठवड्याला बारा पौंडांच्या आसपास होती, म्हणजे हे त्याचं जवळजवळ वर्षाचं उत्पन्न. आणि ज्यांची भाडी बुडाली, दारं मोडली ते टॅक्सीवाले याच मजुरीच्या गटातले. मोडलेल्या दाराचा किस्सा त्यांच्या बाजूने सांगितला तर फारसं हसू येत नाही. रश्कटर्स बेच्या कपारीत, बागेतल्या बँडस्टँडमध्ये, पाद्री जॉन होपच्या धोबीखोलीत ती झोपली हे खरं, पण तिच्या तोंडी ॲबट्सलीचं इंग्रजी होतं आणि पाठ शेक्सपिअर होता. मॅजिस्ट्रेट तिच्याशी हुज्जत घालत, कारण ती त्यांच्यातलीच होती. हीच मोकळीक गरीब घरच्या मुलीने घेतली असती तर? उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. पॅरामॅटाला 1887 ते 1974 मुलींचं सुधारगृह चालू होतं. आवरत नाही, नैतिक धोक्यात आहे, एवढ्या शेऱ्यावर मुली तिथे पाठवल्या जात, आणि तिथल्या छळाच्या कहाण्या पुढे सरकारी चौकशीत नोंदल्या गेल्या. आदिवासी मुलींसाठी तर 1915 नंतर कोर्टाचीही गरज उरली नव्हती, संरक्षण मंडळाच्या नुसत्या निर्णयावर मूल घरातून उचलता येई. त्यांच्यातली कुणी शहराची लाडकी वल्ली झाली नाही.

मग बीला विशेषाधिकारवाली म्हणून निकालात काढायचं का? तसं केलं तर मूळ मुद्दा हातातून निसटतो. पैसा, गोरी कातडी, शाळा, भाषा एवढं सगळं बाजूने असूनही एकविसाव्या वर्षी तिला कोंडता आलं, ही गोष्ट बाकीच्यांचं काय झालं असेल याचं माप देते. पैशाने तिला रस्त्यावर तग धरता आला, पण घरातल्या पुरुषाच्या सहीपुढे पैसा चालला नाही. बापलेकीत पैसा समान, जात समान, मतं जवळजवळ समान. फरक उरतो तो एवढाच, की सही करायचा हक्क कुणाचा.

तिच्या वाचनाचीही अशीच गत झाली. आठवड्याला दोन-तीन पुस्तकं वाचणारी ही बाई न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात दिवसचे दिवस बसे. 1950 च्या दशकाच्या शेवटी ग्रंथालयाने तिला प्रवेशबंदी केली. ती लिहीतही होती: प्रवासवर्णनं, आठवणी, आणि ‘डिक्शनरी बाय अ बिच’ असं बेधडक नाव दिलेला एक कोश. हयातीत यातलं काही छापून आलं नाही. बापाचं मासिक मात्र सहा वर्षं निघत राहिलं, कारण छापखान्याचं बिल तोच भरत होता. 1964 मध्ये थकलेली बी रँडविकच्या जोगिणींच्या वृद्धाश्रमात गेली आणि 3 डिसेंबर 1973 रोजी तिथेच वारली. अखेरीस तिने नास्तिकपण सोडलं असं सांगतात. आयुष्यभर वाद घातलेल्या बाईचं शेवटचं मत जोगिणींमार्फत कळावं, हे मला तरी पुराव्याच्या बाबतीत कच्चं वाटतं. अंत्यविधीला शवपेटीवर ऑस्ट्रेलियन रानफुलं होती आणि जॅझ वाद्यवृंदाने ‘ॲडव्हान्स ऑस्ट्रेलिया फेअर’ वाजवलं. तोवर ते राष्ट्रगीत नव्हतं, अधिकृतपणे झालं ते 1984 मध्ये.

तिची हस्तलिखितं आज त्याच राज्य ग्रंथालयाच्या मिचेल संग्रहात आहेत. रोज एलिस यांनी 2023 मध्ये तिचं सविस्तर चरित्र काढलं, त्यामुळे कागदपत्रं धुंडाळण्याचा धाक कुणाला राहिलेला नाही. बी माइल्सविषयी ज्यांना लिहायचं, बोलायचं असेल त्यांनी टॅक्सीचं दार थोडा वेळ बंद ठेवावं आणि 1923 च्या दाखल्यापासून सुरुवात करावी.