सोने वितळले, कागद उरला

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३६ मध्ये जेन सेमूरशी विवाह केला. तिच्यासाठी सोन्याचा झाकणदार पेला घडवायचा होता. त्याची आकृती काढण्याचे काम चित्रकार हान्स होल्बाइनकडे आले. घडवणार सोनार, पण काय घडवायचे ते आधी कागदावर ठरणार.

या पेल्याची होल्बाइनची दोन रेखाटने आज उपलब्ध आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, दुसरे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात. ऑक्सफर्डच्या रेखाटनात शाईच्या रेषांना फिकट रंगांची आणि सोनेरी छटेची जोड आहे. राजाराणीची एकमेकांत गुंफलेली आद्याक्षरे आणि ‘आज्ञापालन व सेवा यांस बांधील’ अशा अर्थाचे राणीचे ब्रीदवाक्य त्यात दिसते.

आणि पेला? जेन १५३७ मध्ये वारली. पेला राजघराण्याच्या खजिन्यात राहिला. पुढे पहिल्या चार्ल्स राजाला पैशांची निकड भासली. १६२५ मध्ये पेला गहाण पडला आणि १६२९ मध्ये वितळवला गेला.

सोने गंजत नाही, म्हणून ते टिकते, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरेच आहे. पण टिकते ते सोने, पेला नव्हे. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते आणि वितळवल्याने त्याचे मोल कमी होत नाही. घडणावळ तेवढी कायमची जाते. खजिन्याच्या नोंदीत या पेल्याचे वजन साडेपासष्ट औंस, म्हणजे हिरेमोत्यांसह सुमारे दोन किलोग्रॅम आहे. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पट धरून विद्यार्थ्यांना आकारमान काढायला सांगावे. जेमतेम पाच सेंटिमीटर बाजूचा ठोकळा! होल्बाइनची सारी नक्षी त्यात मावली.

कागदाचे नेमके उलटे झाले. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून बनवत. त्यात आम्लाचा अंश कमी, म्हणून तो शतकानुशतके टिकतो. शिवाय कागद वितळवून कर्ज फिटत नाही. त्याला किंमत नव्हती, हेच त्याचे संरक्षण ठरले.

प्रयोगशाळेत आम्ही निष्कर्ष छापतो आणि खाडाखोडीच्या वह्या बहुधा फेकून देतो. शाळेतही गुण पक्क्या वहीला मिळतात. विचार कसा घडला हे मात्र कच्च्या वहीतच सापडते. वर्षअखेरीस ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा चाळून पाहायला काय हरकत आहे?